डबलसीट : एक अभ्यास

मराठीत काही शब्द इंग्रजीतून आले खरे; पण आज ते एखाद्या इंग्रजाला ऐकवले, तर त्याला त्यांचा अर्थ लागणार नाही. ‘डबलसीट’ हा त्यांपैकीच एक. सायकलच्या कॅरिअरवर दुसरा बसला की ती डबलसीट, मोटारसायकलवर मागे कोणी बसले की तीही डबलसीट आणि तिसरा चढला की ट्रिपलसीट. जुनी माणसे सांगतात की, एके काळी पुण्यात सायकलवरून डबलसीट जाताना पोलिसाने पाहिले तर दंड भरावा लागे. शब्द असा चांगला रुळलेला आहे. पण त्यात एक उणीव आहे. तो आसनाविषयी बोलतो, आसनावरील माणसाविषयी बोलत नाही. पुढे बसणाऱ्याला आपण चालक म्हणतो. मागे बसणाऱ्याला मराठीत धड नावही नाही.

प्रस्तुत लेखात या बिननावाच्या माणसाचा, त्यातही जो आयुष्यात पहिल्यांदाच मागे बसत आहे त्याचा, थोडा विचार करावयाचा आहे. वार्षिक अंकात ज्ञानेश्वरीवर, ग्रामीण साहित्यावर, दुष्काळावर लेख येतात. त्यांच्या पंगतीला मोटारसायकल शोभेल का, असे कोणी विचारील. त्यांनी एखाद्या सकाळी कॉलेजच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहावे आणि आत येणाऱ्या मोटारसायकलींपैकी किती एकट्याने आल्या, हे मोजावे. शिवाय हा विषय मला वाचनातून सुचलेला नाही. तो मला पोखरीच्या घाटात, एका डाव्या वळणावर सापडला. आणि तो सापडण्यासाठी जी किंमत द्यावी लागली असती, ती केवळ नशिबाने द्यावी लागली नाही.

प्रसंग

मी तळेघरचा. मंचरहून भीमाशंकरला जाणारा रस्ता घोडेगाव आणि डिंभे मागे टाकून पोखरीचा घाट चढतो आणि वर आमच्या गावात येतो. खाली डिंभे धरणाचा जलाशय, ज्याला आपल्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंच्या स्मरणार्थ ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ म्हणतात. वर भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि पावसाळ्याचे चार महिने दाट धुके. एस. टी. येते, वडापच्या जीप चालतात. पण वाड्यावस्त्यांचे खरे वाहन म्हणजे मोटारसायकल. खताची गोणी, हिरड्याचे पोते, तापाने फणफणलेले पोर आणि त्याची आई, हे सारे एकाच आसनावरून जाते. १९८५ साली चार फटक्यांच्या इंजिनाची, कमी पेट्रोल पिणारी शंभर सी. सी.ची हिरो होंडा बाजारात आली आणि तेव्हापासून मोटारसायकल हळूहळू शेतकऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली. आज तर आपल्या पुणे-नाशिक रस्त्यावरच, चाकणला, मोटारसायकली तयार होतात.

बारावीनंतर मी चार वर्षे शेती केली, मिळेल ते काम केले, लग्न केले आणि मग पुन्हा कॉलेजात नाव घातले. म्हणून वर्गात मी सर्वांत वडील. लग्न वैशाखात झाले. आमच्या सौ. मूळच्या याच तालुक्यातल्या. पण वडील कामासाठी मुंबईला गेलेले, त्यामुळे त्या वाढल्या घाटकोपरच्या चाळीत. गर्दीच्या लोकलमध्ये चढणारी, एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातले पुस्तक वाचणारी ही मुलगी मोटारसायकलला भिईल, असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. तथापि ती त्यावर कधी बसलीच नव्हती. चाळीतल्या घराला गाडी परवडत नव्हती आणि लागतही नव्हती.

ज्येष्ठात ती माहेरहून परत आली. एस. टी.ने घोडेगावापर्यंत आली, तेथून मी तिला आणायला गेलो. आदल्या रात्री पावसाची पहिली सर पडून गेली होती. ती गोल साडीत, एका बाजूला पाय सोडून बसली. मांडीवर माहेरची पिशवी. माझे हेल्मेट हँडलला अडकवलेले होते. दुसरे घेतलेलेच नव्हते. निघताना तिने विचारले, “अहो, कुठं धरायचं?”

मी म्हणालो, “धर कुठंही. काही होत नाही.”

पहिल्यांदाच मागे बसणाऱ्या माणसाला मी दिलेले संपूर्ण शिक्षण एवढेच.

घाटात मी माझ्या रोजच्या वेगाने निघालो. रोजचा वेग म्हणजे एकट्याचा वेग, हे तेव्हा लक्षात आले नाही. दोनदा तिने खांद्यावर हात दाबला. मला वाटले, आधारासाठी दाबला. मग ते डावे वळण आले. गाडी डावीकडे कलली, आणि त्याच क्षणी ती मागल्या मागे उजवीकडे ओढली गेली. गाडी कललेली राहीना. वळणाच्या आत जाण्याऐवजी ती बाहेर, रस्त्याच्या उजव्या अंगाला सरकली. समोरून जीप उतरत होती. जीपवाल्याने आपली गाडी डोंगराच्या बाजूला घातली, मी कशीबशी सावरली, आणि आम्ही दोघे कठड्याजवळ थांबलो. कोणाला खरचटलेही नाही. पिशवी मात्र मागे रस्त्यात पडली होती.

ती खाली उतरली, पिशवी घेऊन आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “मी चालत येते.”

“अगं, आता नीट बस. काही होत नाही.”

“तुम्ही मघाशीही हेच म्हणाला होता.”

मागून आलेल्या वडापच्या जीपमध्ये बसून ती घरी गेली. मी रिकाम्या आसनानिशी तिच्यामागून गेलो. पुढे पाच महिने ती मोटारसायकलवर बसली नाही. भांडण झाले नाही, अबोलाही नव्हता. बाजाराला जायचे म्हटले की ती एवढेच म्हणे, “तुम्ही व्हा पुढं, मी एस. टी.नं येते.” वाचकमित्रहो, या वाक्याने मला जेवढे अपराधी वाटले, तेवढे भांडणाने वाटले नसते.

यंत्राची बाजू

प्रथम मी तिलाच दोष देत होतो. “उलटी कशाला ओढलीस?” हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना थोडे पदार्थविज्ञान वाचले, आणि दोष माझ्याच अंगावर आला.

दुचाकी सरळ उभ्याने वळत नाही. ती वळणाच्या आतल्या बाजूला कलावी लागते. किती कलावी, हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर सुमारे २० अंश कलावे लागते. वेग ४० केला तर सुमारे ३२ अंश. वेग एकतृतीयांशाने वाढला, कलणे दीडपटीहून अधिक वाढले. एकट्या चालकाला हे जाणवत नाही, कारण कलण्याचा निर्णय त्याचे शरीरच घेत असते. मागच्या माणसाला मात्र जमीन अचानक वर येताना दिसते.

आता साडी नेसून एका बाजूला बसलेल्या स्त्रीचा विचार करा. आपल्याकडे पाय डावीकडे सोडतात, म्हणजे तोंड डावीकडे. डाव्या वळणावर गाडी तिच्या तोंडाच्या दिशेनेच कलते. पायांखालचा रस्ता वर येतो आहे आणि आपण त्यावर तोंडघशी पडणार, असे तिला दिसते. अशा वेळी कोणीही मागे रेलेल. पण तिचे ‘मागे’ म्हणजे गाडीचे ‘उजवीकडे’, वळणाच्या बाहेर. दोघांचा मिळून जो गुरुत्वमध्य आहे, तो बाहेर सरकतो, गाडी उभी राहू पाहते आणि वळण रुंदावते. डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या आपल्या देशात डावे वळण रुंदावले की माणूस थेट समोरच्या वाहनापुढे जातो. आमचे नेमके हेच झाले.

शिवाय ती लोकलमध्ये घडलेली. लोकलने ब्रेक लावला की मागे रेलायचे, गाडीने हिसका दिला की पुढे झुकायचे, वळणावर उलट बाजूला भार टाकायचा. थोडक्यात, वाहन ज्या दिशेने ढकलील त्याच्या विरुद्ध जाऊन आपण सरळ उभे राहायचे, हे तेथले शिक्षण. मोटारसायकलवर याच्या बरोबर उलट करावे लागते. ती कलली की तिच्याबरोबर कलायचे. पंधरा वर्षे उत्तम रीतीने शिकलेली गोष्ट एका वळणावर विसरावी, अशी माझी अपेक्षा होती, आणि तीही न सांगता.

भाराचेही तसेच. गाडी सुमारे ११० किलो, मी ६०, ती ५०. म्हणजे १७० किलोचे २२० झाले. एकूण वजन जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले. मागचा माणूस जवळपास मागच्या चाकावर बसतो, म्हणून हा वाढीव भार मुख्यतः त्याच चाकावर येतो. मागचे शॉकअब्सॉर्बर दबतात, पुढचे चाक हलके होते, हँडल सैल वाटते आणि दिव्याचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत पडतो. म्हणून मागच्या चाकात हवा किती भरावी याचे दोन आकडे कंपनी देते : एकट्यासाठी एक आणि दोघांसाठी दुसरा, मोठा. बहुतेक गाड्यांचे मागचे शॉकअब्सॉर्बर पान्याने कडक करता येतात. माझ्या गाडीवर हे आकडे छापलेले होते. मी ते कधी वाचले नव्हते.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. म्हणजे धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढे अंतर कापले जाते. त्यानंतर ब्रेक लागला की मागचा माणूस पुढे घसरून चालकाच्या पाठीवर येतो आणि चालकाचे हात हँडलवर दाबले जातात. त्याच क्षणी त्याला हँडल मोकळे हवे असते. उतारावर हे अधिकच घडते. तेव्हा डबलसीटवर ब्रेक आधी आणि सावकाश लावावा, पुढचा व मागचा दोन्ही मिळून लावावा, आणि वळणात शिरण्यापूर्वीच वेग उतरलेला असावा. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवणे म्हणजे परीक्षेच्या दालनात पुस्तक आठवणे होय.

मनाची बाजू

यंत्राचे कोडे सुटले. पण एक प्रश्न उरला. तोच रस्ता, तोच वेग, तेच वळण. मला भीती वाटली नाही, तिला वाटली. असे का?

मानसशास्त्राच्या अभ्यासात याचे उत्तर मिळाले. चॉन्सी स्टार या अमेरिकन अभ्यासकाने १९६९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. माणूस आपणहून पत्करलेला धोका आणि दुसऱ्याने त्याच्यावर लादलेला धोका यांत किती फरक करतो, हा त्याचा विषय. आपणहून पत्करलेला धोका लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट असला तरी माणसे तो चालवून घेतात, असा अंदाज त्याने मांडला. आकड्याविषयी पुढे वाद झाले. मूळ मुद्दा मात्र टिकला. ज्याच्या हातात ब्रेक आहे, त्याला धोका लहान दिसतो.

दुसरा अभ्यास स्वीडनमधील ओला स्वेन्सन याचा, १९८१ सालचा. त्याने चालकांना स्वतःच्या कौशल्याची तुलना गटातील इतरांशी करावयास सांगितली. अमेरिकन गटातील ९३ टक्के आणि स्वीडिश गटातील ६९ टक्के लोकांनी आपण गटाच्या मध्याहून वरचे आहोत, असे सांगितले. मध्याच्या वर निम्म्याहून अधिक माणसे असूच शकत नाहीत, हे सांगायला गणित लागत नाही. मलाही त्या दिवशी कोणी विचारले असते, तर मी हेच सांगितले असते. “काही होत नाही” या माझ्या वाक्यामागे कोणताही पुरावा नव्हता. तो फक्त माझा माझ्याविषयीचा समज होता.

वाचून पटले, तरी अंगी उतरले नाही. म्हणून एक प्रयोग केला. गावातील एका मित्राला म्हटले, “आज तू चालव, मी मागे बसतो. माझ्या रोजच्या वेगानं घाट उतर.” अनेक वर्षांत मी मागे बसलो नव्हतो. पहिल्याच वळणावर माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. तेथे ब्रेक नव्हता, नुसते फूटरेस्ट होते. मित्राच्या खांद्यांमुळे पुढचा रस्ता दिसत नव्हता. तो कधी ब्रेक लावणार, कधी गिअर टाकणार, खड्डा चुकवणार की त्यातून नेणार, यांतले काहीच मला आधी कळत नव्हते. जे होई ते झाल्यावर कळे. मी दोनदा त्याच्या खांद्यावर हात दाबला. तो मागे न बघता म्हणाला, “काही होत नाय रे.”

त्या क्षणी, ज्येष्ठातल्या त्या दुपारी माझ्या खांद्यावर दोनदा दाबलेल्या हाताचा अर्थ मला कळला. ती मला थांबा म्हणत होती.

साडी, काष्टा आणि कायदा

या अभ्यासाला आमच्या घरातून एक अनपेक्षित साहाय्य मिळाले. एका बाजूला बसण्याऐवजी दोन्हीकडे पाय टाकून बसले तर दोन्ही फूटरेस्टवर पाय राहतात, गुडघ्यांनी पकड मिळते आणि तोंड रस्त्याकडे राहते. हे सर्वांत सुरक्षित, यात वाद नाही. पण नवी सून गावात पंजाबी ड्रेस घालून, दोन्हीकडे पाय टाकून बसली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न होता. तो मी आईसमोर चाचरत काढला. आई म्हणाली, “आमच्या लुगड्याला काष्टा व्हता. आमी घोड्यावं बी बसलो असतो. ही गोल साडी आली आन् बायांचे पाय बांधले गेले. घालू दे तिला काय घालायचं ते. लोक काय तिला दवाखान्यात न्यायला येणारेत?”

काष्ट्याच्या नऊवारीत पाय मोकळे राहतात, ही गोष्ट मी जन्मापासून पाहत होतो. तिचा हा अर्थ मात्र आईने सांगितला. जिला आपण जुनी चाल म्हणून राखत होतो, ती एका बाजूला बसण्याची पद्धत खरे तर पुढच्या पिढीच्या साडीबरोबर आली होती.

तरीही साडी नेसून बसणाऱ्या स्त्रिया असंख्य आहेत आणि राहतील. कायद्याने त्यांचा विचार केलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसू शकतो, आणि तोही चालकामागे पक्क्या बसवलेल्या आसनावरच. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२३ वा नियम मागच्या माणसासाठी तीन गोष्टी सांगतो : धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण. हे आवरण म्हणजेच आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ती जाळी. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होते, ते येथे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. माझ्या गाडीची जाळी कोठे होती? लग्नाआधी, गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून, मीच काढून ती माळ्यावर टाकली होती. ती शोधून, पुसून पुन्हा बसवली.

हेल्मेटचेही तसेच. कलम १२९ चालक आणि मागे बसणारा असा भेद करीत नाही. दोघांनीही हेल्मेट घालावयाचे आहे. पण आपल्याकडे चालकाच्या डोक्यावर एक असले तरी पुष्कळ झाले, अशी समजूत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा देशात मृत्यू झाला. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. २००८ साली ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले. मी दुसरे हेल्मेट आणले. ते तिने स्वतः डोक्यात घालून, पट्टा आवळून, मान हलवून पाहून निवडले. दुसऱ्याच्या मापाचे हेल्मेट म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा होय.

पाठ

भातकापणी झाली, झोडणी झाली, खळे रिकामे झाले. कार्तिकातल्या एका सकाळी मी तिला म्हटले, “गाडी चालू करणार नाही. नुसती बसून बघतेस का?” ती बसली.

पहिला पाठ उभ्या गाडीवर. गाडी मोठ्या स्टँडवर लावली. चढायचे डावीकडून, आणि चालकाने ‘हं’ म्हटल्यावर. उजवीकडे सायलेन्सर, तो तापतो, पोटरी लावायची नाही. गाडी थांबली तरी पाय खाली टेकायचे नाहीत. ते काम चालकाचे. एक हात कंबरेला, एक हात मागच्या मुठीला. खांदा धरायचा नाही, कारण खांद्याला हिसका बसला की तो हँडलपर्यंत जातो. पिशवी मांडीवर नको. पाठीवरची सॅक बरी.

दुसरा पाठ खळ्यात, पहिल्या गिअरमध्ये. चालणे, थांबणे, पुन्हा चालणे. वळताना तिने काय करायचे, हे सांगायला मला फार वेळ लागला. ‘कल’ म्हटले की ती जास्त कले. ‘कलू नको’ म्हटले की ताठ होई. शेवटी सोपी युक्ती सापडली : ज्या बाजूला वळायचे, त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे पाहायचे. डावे वळण, डावा खांदा. उजवे वळण, उजवा खांदा. नजर गेली की शरीर आपोआप हवे तेवढे जाते. आणि पुढचा रस्ताही दिसतो, त्यामुळे भीती निम्मी होते.

तिसरा पाठ भाषेचा. वाऱ्यात आणि हेल्मेटमध्ये बोललेले ऐकू येत नाही. म्हणून ठरवले : एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. कारण विचारायचे नाही, “काही होत नाही” म्हणायचे नाही. जागा सुरक्षित दिसली की थांबायचे. माझ्याकडूनही एक नियम : गतिरोधक किंवा खड्डा आला की मी आधी सांगणार. गतिरोधकावर बेसावध असलेली मागची बाई उडून पडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतोच.

चौथा पाठ रस्त्यावर. तळेघरहून भीमाशंकरच्या दिशेने, सकाळी, कोरड्या रस्त्यावर, ताशी तीसच्या आत. पाच-सात किलोमीटर जाऊन परत. तिने वाटेत तीनदा एक थाप मारली, एकदा दोन. दोन थापांना मी थांबलो, ती उतरली, चार पावले चालली, पुन्हा बसली. असे चार-पाच सोमवार गेले. घाट आम्ही शेवटी ठेवला. घाबरलेल्या माणसाला एकदम घाबरलेल्या जागी नेले की भीती जात नाही, पक्की होते.

उपसंहार

या साऱ्याचा निष्कर्ष काय? मोटारसायकलवर दोन माणसे बसतात, पण हँडल, ब्रेक, गिअर आणि आरसे हे सर्व एकाच्याच ताब्यात असते. दुसऱ्याजवळ फक्त विश्वास असतो. तो विश्वास मागून मिळत नाही, “काही होत नाही” म्हणूनही मिळत नाही. चालकाने आपल्या अधिकारातील एक गोष्ट, निदान थांबवण्याचा अधिकार, मागे दिला तर तो हळूहळू उत्पन्न होतो. हे तत्त्व मोटारसायकलपुरतेच आहे की आणखी कोठे लागू पडते, याचा विचार वाचकांनी आपापल्या घरी करावा.

मार्गशीर्षात आम्ही घोडेगावच्या बाजाराला गेलो. घाट उतरताना तिने एकही थाप मारली नाही. परत येताना, सॅकमध्ये भाजी घेऊन, आम्ही घाट चढू लागलो. ते डावे वळण जवळ आले. मी वेग आधीच उतरवला होता. डाव्या खांद्यापाशी तिचे हेल्मेट माझ्या हेल्मेटला किंचित घासले, म्हणजे ती बरोबर पाहत होती. वळण सरळ, शांतपणे पार पडले. आणि लगेच खांद्यावर दोन थापा पडल्या.

मी कठड्याच्या कडेला गाडी घेतली. हेल्मेट वर करून विचारले, “काय झालं?”

ती म्हणाली, “काही नाही. थांबता का, ते बघितलं.”

मग म्हणाली, “चला.”